रिकाम्या रकान्याचा मेसेज आपल्या शब्दांत कसा लिहायचा

फॉर्म भरून झाला असं समजून माणूस बटण दाबतो आणि पान जागचं हलत नाही. कुठेतरी एक छोटा फुगा उगवतो, त्यात परक्या भाषेतली एक ओळ असते आणि नीट वाचेपर्यंत तो नाहीसाही होतो. कोणता रकाना राहिला आणि त्यात काय लिहायचं होतं, हे त्याला कळलेलंच नसतं. फॉर्म बनवणाऱ्याच्या हिशेबाने काम झालेलं असतं, कारण रिकामा रकाना अडवला गेला. भरणाऱ्याच्या लेखी मात्र फॉर्मच बिघडलेला असतो.

ज्यांना एचटीएमएल बऱ्यापैकी येतं आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख आहे, त्यांनी हा मेसेज स्वतःच्या शब्दांत कसा द्यायचा, ते इथे सांगतो. कोडमधले शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या फाइलमध्ये ते रोमन अक्षरांतच लिहायचे.

ब्राउझर स्वतःहून काय करतो

रकाना सक्तीचा करायला 'रिक्वायर्ड' हे एकच ॲट्रिब्यूट पुरतं. एचटीएमएल ५ मधून ते रुळलं. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्या आवृत्तीला २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अंतिम शिफारशीचा दर्जा दिला. इनपुट, टेक्स्टएरिया आणि सिलेक्ट या तिन्ही टॅगना ते चालतं.

सबमिटचं बटण दाबलं की ब्राउझर सगळे रकाने तपासतो. जो रकाना चुकला असेल त्यावर 'इनव्हॅलिड' नावाचा इव्हेंट घडतो. मग ब्राउझर पहिल्या चुकलेल्या रकान्यावर कर्सर नेतो आणि तिथे फुगा दाखवतो. 'सबमिट' हा इव्हेंट यात घडतच नाही. नवखे लोक इथे हमखास अडकतात. आपला मेसेज ते सबमिटच्या फंक्शनमध्ये लिहितात आणि तो का दिसत नाही म्हणून तासभर शोधत बसतात. तपासणीत फॉर्म नापास झाला की ते फंक्शन चालतच नाही.

फुग्यातला मजकूर ब्राउझरचा असतो आणि ब्राउझरच्याच भाषेत असतो. पानाच्या एचटीएमएल टॅगवर तुम्ही 'लँग' म्हणून मराठी लिहिली असली, तरी फुग्याची भाषा बदलत नाही. भरणाऱ्याने ब्राउझर ज्या भाषेत ठेवला असेल, ती भाषा येते. म्हणजे तुमचं अख्खं पान मराठीत आणि अडलेल्या क्षणीची सूचना तेवढी दुसऱ्या भाषेत. माणसाला सर्वांत जास्त मदत लागते ती नेमकी त्या क्षणी, म्हणून हा खटाटोप करायचा.

आधी वाक्य, मग कोड

बहुतेक जण आधी कोड लिहितात आणि मेसेजच्या जागी सुचेल ते टाकतात. माझं सांगणं उलट आहे. सक्तीचे सगळे रकाने कागदावर एकाखाली एक लिहून काढा. माणूस शेजारी बसून फॉर्म भरत असता, तर त्याला तोंडाने काय सांगितलं असतं, ते प्रत्येकासमोर लिहा.

'हे क्षेत्र आवश्यक आहे' असं आपण शेजारच्याला कधी म्हणत नाही. 'नाव राहिलं, तेवढं लिहा' असं म्हणतो. मेसेज याच वळणाचा हवा: काय राहिलं आणि आता काय करायचं.

• पूर्ण नाव: 'तुमचं पूर्ण नाव लिहा.'
• जन्मतारीख: 'जन्मतारीख निवडा.'
• मोबाइल: 'मोबाइल नंबर लिहा. ओटीपी याच नंबरवर येईल.'
• फोटो: 'फोटो जोडा.'
• अटींची चौकट: 'अटी मान्य असतील तर या चौकटीत खूण करा.'

मोबाइलच्या मेसेजमध्ये कारणही दिलंय, ते बघा. जी माहिती द्यायला माणूस कचरतो, तिथे ती कशाला हवी हे चार शब्दांत सांगितलं तर तो बिनघोर देतो. नावासाठी असं कारण द्यायची गरज नाही.

सगळ्या रकान्यांना मिळून एकच साचा वापरायचा मोह होतो. रकान्याचं नाव आणि पुढे ठरावीक शेपूट जोडलं की झालं, असं वाटतं. इंग्रजीत ते चालून जातं, मराठीत अडतं. शेपूट 'रिकामा आहे' असं ठेवलं तर 'पत्ता रिकामा आहे' ठीक वाटतं, पण 'जन्मतारीख रिकामा आहे' आणि 'नाव रिकामा आहे' हे कानाला बोचतं. आपल्याकडे क्रियापद आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे बदलतं, संगणकाला ते कळत नाही. 'भरणं आवश्यक आहे' हे शेपूट व्याकरणात बसतं खरं, पण फोटो कुणी भरत नाही, तो जोडतात. जिल्हा भरत नाहीत, निवडतात. आज्ञार्थी क्रियापदाने ही अडचण मिटते. 'लिहा', 'निवडा', 'जोडा' यांना नामाच्या लिंगाशी देणंघेणं नसतं आणि करायची कृतीही त्यांच्यातच येते. म्हणून साचा टाळा आणि प्रत्येक रकान्याला त्याचं स्वतःचं वाक्य द्या. दहा रकान्यांची दहा वाक्यं लिहायला पंधरा मिनिटं लागतात.

'कृपया' प्रत्येक मेसेजमध्ये नको. 'लिहा' या रूपातच आदर आहे. पाच रकान्यांवर पाचदा कृपया आलं की डोळा मूळ शब्दावर उशिरा पोहोचतो.

पहिली पद्धत: फुगा ब्राउझरचा, शब्द आपले

फॉर्म लहान असेल, दोन-चार रकान्यांचा, तर ही पद्धत पुरते. प्रत्येक रकान्याच्या टॅगमध्ये 'डेटा-मेसेज' असं ॲट्रिब्यूट घालून त्यात कागदावरचं वाक्य उतरवा. अशाने वाक्यं रकान्यापाशीच राहतात आणि पुढे कुणाला शब्द बदलायचा झाला तर जावास्क्रिप्टला हात लावावा लागत नाही.

आता जावास्क्रिप्ट. आपल्याला हवं ते फंक्शन म्हणजे 'सेट कस्टम व्हॅलिडिटी'. हे तीन शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहायचे, पहिला शब्द पूर्ण लहान अक्षरांत आणि पुढच्या दोघांचं फक्त पहिलं अक्षर मोठं. जावास्क्रिप्ट लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. या फंक्शनला जे वाक्य द्याल ते फुग्यात येतं. क्रम असा:

१. रकान्यावर 'इनव्हॅलिड' इव्हेंट ऐका.
२. तो घडला की रकान्याच्या 'व्हॅलिडिटी' या ऑब्जेक्टमध्ये 'व्हॅल्यू मिसिंग' खरं आहे का ते बघा. रकाना रिकामा आहे, एवढाच त्याचा अर्थ.
३. खरं असेल तर 'डेटा-मेसेज' मधलं वाक्य सेट कस्टम व्हॅलिडिटीला द्या.
४. त्याच रकान्यावर 'इनपुट' इव्हेंट ऐका. माणसाने काही लिहिलं की सेट कस्टम व्हॅलिडिटीला रिकामी स्ट्रिंग द्या.

चौथी पायरी विसरलात तर फॉर्म कायमचा अडकतो. मी सुरुवातीला बनवलेल्या एका फॉर्ममध्ये हेच झालं होतं. मी फक्त रिकामा फॉर्म पाठवून बघितला, मेसेज छान मराठीत आला आणि समाधानाने काम पुढे दिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, 'नाव लिहिलंय, तरी नाव लिहा म्हणतंय.' त्या माणसाने नाव तीनदा खोडून लिहिलं होतं. आपल्या हातून काहीतरी चुकतंय, असंच त्याला वाटत होतं.

होतं काय, ते समजून घ्या. सेट कस्टम व्हॅलिडिटीला वाक्य दिलं की ब्राउझर त्या रकान्यावर 'कस्टम एरर' अशी वेगळी नोंद करतो. रकाना भरल्यावर 'व्हॅल्यू मिसिंग' आपोआप खोटं होतं, पण 'कस्टम एरर' ही नोंद आपण लावलेली असते, त्यामुळे ती आपणच काढावी लागते. रिकामी स्ट्रिंग दिली की ती निघते. तोवर रकान्यात काहीही लिहा, तो चुकीचाच धरला जातो आणि तेच जुनं वाक्य पुन्हा पुढे येतं.

ही साफसफाई 'इनव्हॅलिड' च्या फंक्शनच्या पहिल्या ओळीतच केली तर, असं काहींना सुचतं. पण ते फंक्शन चालतं तेव्हा सबमिट अडलेलं असतं. माणसाला बटण दोनदा दाबावं लागतं. 'इनपुट' वर साफ करणं हाच खरा उपाय. एखाद्या रकान्याची किंमत (व्हॅल्यू, म्हणजे त्यातला मजकूर) तुम्ही जावास्क्रिप्टने भरत असाल, समजा पिनकोडवरून गावाचं नाव, तर तिथे 'इनपुट' इव्हेंट घडत नाही. त्या ठिकाणी साफ करायची ओळ हाताने घाला.

प्रत्येक रकान्यावर वेगळं फंक्शन लावायचा कंटाळा येत असेल तर ते अख्ख्या फॉर्मवर लावता येतं. फक्त 'इनव्हॅलिड' इव्हेंट वर चढत नाही, म्हणजे रकान्यावर घडलेला इव्हेंट फॉर्मपर्यंत पोहोचत नाही. म्हणून इव्हेंट ऐकायला लावणाऱ्या 'ॲड इव्हेंट लिसनर' या फंक्शनला तिसरं मूल्य 'ट्रू' द्या. मग तो खाली उतरतानाच पकडला जातो.

जिथे 'रिकामा' याचा अर्थ बदलतो

साध्या मजकुराच्या रकान्यात कुणी नुसता स्पेसबार दाबला तर 'रिक्वायर्ड' च्या मते तो भरलेला असतो. ब्राउझर स्पेसही अक्षरच मानतो. नावाच्या जागी स्पेस नको असेल तर किंमत 'ट्रिम' करून, म्हणजे दोन्ही टोकांचे स्पेस काढून बघा आणि काहीच उरलं नाही तर तेच वाक्य दाखवा.

सिलेक्टमध्ये पहिला पर्याय 'निवडा' असा ठेवा आणि त्याची 'व्हॅल्यू' रिकामी ठेवा. तसं केलं नाही तर पहिला खरा पर्याय आपोआप निवडलेला राहतो, मेसेज कधीच येत नाही आणि यादीतलं पहिलं नाव विनाकारण नोंदींत साठत जातं.

रेडिओ बटणं जास्त काळजीने हाताळावी लागतात. एकाच 'नेम' च्या गटात एका बटणाला 'रिक्वायर्ड' दिलं तरी नियम सगळ्या गटाला लागतो आणि काहीच निवडलं नसेल तर गटातलं प्रत्येक बटण चुकीचं ठरतं. आता फॉर्मवर लावलेल्या आपल्या फंक्शनने त्या प्रत्येकावर वाक्य बसवलं, समजा तीन बटणांवर. माणूस दुसरं बटण निवडतो. इव्हेंट घडतो तो त्या दुसऱ्या बटणावर, साफ होतं तेही फक्त दुसरं. पहिल्या आणि तिसऱ्यावरची नोंद तशीच राहते आणि फॉर्म अडतो. म्हणून रेडिओसाठी 'चेंज' इव्हेंट घडला की त्या 'नेम' ची सगळी बटणं शोधून प्रत्येकाला रिकामी स्ट्रिंग द्या.

तारखेचंही तसंच. कुणी दिवस आणि महिना टाकला पण वर्ष राहिलं, तर ब्राउझरला पूर्ण तारीख मिळत नाही, म्हणून किंमत रिकामी धरली जाते. 'व्हॅल्यू मिसिंग' खरं होतं आणि सोबत 'बॅड इनपुट' सुद्धा, म्हणजे काहीतरी लिहिलंय पण ब्राउझरला ते लागलं नाही. आपण फक्त पहिलं तपासलं तर अर्धी तारीख भरलेल्या माणसाला 'जन्मतारीख निवडा' असं सांगतो आणि तो गोंधळतो. आधी 'बॅड इनपुट' तपासा आणि त्यासाठी वेगळं वाक्य ठेवा: 'तारीख अर्धवट आहे. दिवस, महिना आणि वर्ष तिन्ही भरा.' आकड्यांच्या रकान्यालाही हाच क्रम लावा.

सीएसएसने लपवलेला रकाना सक्तीचा राहिला तर क्रोममध्ये बटण दाबूनही काहीच घडत नाही. फुगा दाखवायला जागाच नसते. चूक फक्त कन्सोलमध्ये उमटते, जी भरणारा कधी बघणार नाही. रकाना लपवताना 'रिक्वायर्ड' काढा, किंवा रकानाच 'डिसेबल्ड' करा. डिसेबल्ड आणि रीडओन्ली रकाने तपासणीतून वगळलेले असतात.

दुसरी पद्धत: मेसेज रकान्याच्या खाली

फॉर्म मोठा असेल तर फुगा अपुरा पडतो. तो एका वेळी एकच चूक दाखवतो, थोड्या वेळाने जातो आणि त्याचा रंग किंवा अक्षराचा आकार आपल्याला सीएसएसने बदलता येत नाही. पाच रकाने राहिले असतील तर माणसाने पाचदा बटण दाबायचं. मला स्वतःला रकान्याखालचा मेसेज केव्हाही बरा वाटतो. तो जागचा हलत नाही आणि सगळ्या चुका एकदम दिसतात.

त्यासाठी फॉर्मला 'नोव्हॅलिडेट' लावायचं, पण एचटीएमएलमध्ये लिहून नव्हे, जावास्क्रिप्टमधून. कारण एखाद्या फोनवर तुमची जावास्क्रिप्ट फाइल उतरलीच नाही, तर निदान ब्राउझरचा फुगा तरी जागेवर असेल. नोव्हॅलिडेटमुळे फुगा बंद होतो आणि 'सबमिट' इव्हेंट घडू लागतो. 'व्हॅलिडिटी' ऑब्जेक्ट मात्र पूर्वीसारखंच काम करत राहतं, त्यामुळे एचटीएमएलमधले 'रिक्वायर्ड' तसेच राहू द्या.

सबमिटच्या फंक्शनमध्ये प्रत्येक रकान्याची 'व्हॅलिडिटी' बघा. चुकलेल्या रकान्याखाली आधीच ठेवलेल्या रिकाम्या परिच्छेदात वाक्य भरा. एक जरी चूक असेल तर 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' म्हणून फॉर्म थांबवा आणि कर्सर पहिल्या चुकलेल्या रकान्यात न्या. इथे सेट कस्टम व्हॅलिडिटी लागतच नाही, त्यामुळे ती अडकून बसणारी नोंदही नाही.

डोळ्यांनी दिसणारा मेसेज स्क्रीन रीडरला, म्हणजे न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, आपोआप कळत नाही. त्या परिच्छेदाला आयडी द्या आणि रकान्याच्या 'आरिया-डिस्क्राइब्डबाय' मध्ये तो आयडी लिहा (आरियाची रोमन अक्षरं ए, आर, आय, ए). रकाना चुकला की 'आरिया-इनव्हॅलिड' ट्रू करा आणि दुरुस्त झाला की काढा. मग कर्सर तिथे पोहोचला की रकान्याच्या नावापाठोपाठ आपलं वाक्यही वाचून दाखवलं जातं. पानाची 'लँग' मराठी असेल तरच ते मराठी उच्चारात येण्याची शाश्वती, म्हणून तेही तपासा.

फक्त रकान्याची कड लाल करून थांबू नका. ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही, त्यांच्यासाठी काहीच बदललेलं नसतं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीत चूक मजकुरातून सांगणं ही अगदी पहिल्या पातळीवरची अट आहे आणि साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवा. गुलाबी पार्श्वभूमीवर फिकट लाल अक्षरं बहुधा या मापात बसत नाहीत.

देवनागरीसाठी एक जास्तीची काळजी. मेसेजच्या चौकटीला ठरावीक उंची दिली तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. उंची मोकळी सोडा आणि ओळींतलं अंतर दीडपटीच्या आसपास ठेवा.

मेसेज कधी दाखवायचा, हेही ठरवावं लागतं. पान उघडताक्षणी सगळे रकाने लाल दिसले तर माणसाला न केलेल्या चुकीबद्दल बोलणी खाल्ल्यासारखं वाटतं. सीएसएसमधलं 'इनव्हॅलिड' हे सिलेक्टर नेमकं हेच करतं, कारण रिकामा सक्तीचा रकाना पान उघडल्यापासूनच त्यात बसतो. त्याऐवजी 'युजर-इनव्हॅलिड' वापरा. माणसाने रकान्याला हात लावून तो सोडल्यावर किंवा सबमिट केल्यावरच ते लागू होतं. २०२३ अखेरपासून मुख्य ब्राउझरांच्या चालू आवृत्त्यांत ते चालतं. मेसेज दाखवायची घाई नको, काढायची मात्र करा: रकाना बरोबर झाला की त्याच क्षणी मेसेज गेला पाहिजे.

सर्व्हरवरही तेच वाक्य

ब्राउझरमधली तपासणी कुणीही ओलांडू शकतं. तुमच्याच स्क्रिप्टमधून फॉर्मचं 'सबमिट' फंक्शन थेट बोलावलं तरी ती वगळली जाते. 'रिक्वेस्ट सबमिट' वापरलं तर तपासणी होते. म्हणून सर्व्हरवर तपासणी पुन्हा करायचीच आणि तिथला मेसेज शब्दशः तोच ठेवायचा.

सर्व्हरचा कोड लिहायला जँगो, लाराव्हेल, रेल्स असे तयार फ्रेमवर्क वापरतात. जँगोमध्ये फॉर्मच्या फील्डला 'एरर मेसेजेस' नावाची डिक्शनरी देतात, त्यात 'रिक्वायर्ड' या किल्लीसमोर आपलं वाक्य. लाराव्हेलमध्ये 'व्हॅलिडेट' ला नियमांनंतर दुसरी ॲरे द्यायची, किल्ली 'रकान्याचं नाव, टिंब, रिक्वायर्ड' अशी. रेल्समध्ये 'प्रेझेन्स' च्या पुढे 'मेसेज' लिहायचा. मात्र तिथे पूर्ण मेसेज मागवला की रकान्याचं नाव आपोआप आधी जोडलं जातं, त्यामुळे 'नाव तुमचं पूर्ण नाव लिहा' असं काहीतरी छापून येऊ शकतं. नुसता मेसेज घ्या. नुसत्या स्पेसला हे तिघेही मूळ सेटिंगमध्ये रिकामंच मानतात.

सर्व्हरने फॉर्म परत पाठवला तर पासवर्ड वगळता आधी भरलेलं सगळं जागेवर असलं पाहिजे. एका रिकाम्या रकान्यापायी वीस रकाने पुन्हा भरायला लावणं हे माणसाच्या वेळेवर पाणी ओतणं आहे.

पाठवण्याआधी हाताने तपासा

सगळं रिकामं ठेवून बटण दाबा. मग एक रकाना भरून पुन्हा दाबा आणि त्याचा मेसेज गेला का ते बघा. नावात नुसता स्पेस टाका. तारीख अर्धी सोडा. रेडिओ गटाचा मेसेज आल्यावर शेवटचं बटण निवडून फॉर्म जातो का बघा. ब्राउझरची भाषा बदलून तेच सगळं परत करा. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर फॉर्म पूर्ण करा. फोनवर अक्षरं मोठी करून पाहा, कीबोर्ड उघडा असताना मेसेज त्याच्या मागे दडतोय का ते कळेल. हे सगळं झालं की ज्याने हा फॉर्म कधी पाहिलेला नाही अशा कुणाच्या तरी हातात तो द्या, दोन रकाने मुद्दाम सोडायला सांगा आणि तो मेसेज वाचून कुठे थांबतो, ते काही न बोलता बघत बसा.